बिनकामाचं पाणी

लेकरांना कबूल केला होता समुद्र.
समुद्र जिंतूरहून एक रात्र आणि सहा तिकिटं लांब,
म्हणून येलदरीच्या धरणात
उन्हाळ्यात वर येणारं हे एक बेट:
एका अंगाला टेकाड, चार बाभळी,
बुंध्यांवर गेल्या साली पाणी कुठवर होतं त्याच्या पांढऱ्या खुणा.

सटवाजी भोयाने होडी टेकाडाला वळसा घालून आणली
आणि वारा एकदम थांबला,
कुणी दार ओढून घ्यावं तसा.
"इथं लाट येत नाही," तो म्हणाला,
"लेकरं सोडा बिनघोर. वीस पावलं गुडघाभरच हाय."
मी मोजली. सतरा निघाली.

वाळू जाडीभरडी, मुरमाची बहीण.
मध्येच शिंपले, तुटके, आतून जांभळे.
नसीमभाभीने चादर अंथरली, चार कोपऱ्यांवर चार चपला,
डब्यात धपाटे, दुसऱ्यात सुशीला,
आणि तिच्या रेहानने ओंजळभर पाणी चाखून
सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं:
"अम्मी, ये तो मीठा है! नमक किधर गया?"
तेव्हापासून दुर्वा धपाट्याचा तुकडा पाण्यात बुडवून बघतेय.

मी डोकी मोजते. सवयच आहे.
पाच. पुन्हा पाच.
मग सहा.
सहावं सटवाजीच्या नातीचं निघालं, नाव मैना,
आमच्या लेकरांच्या हवेच्या चाकांना हसणारी,
स्वतः बदकासारखी कोरडी बाहेर येणारी.

"मावशी, तुमी काहून बसल्या काठाला?"
काहून म्हणजे...
आता हिला काय सांगू.
मी जन्मभर पाण्याकडे गेले ती काही तरी घेऊन:
घागर, कळशी, डालड्याचा डबा, कॅन.
टँकरचा पाइप धरताना तांब्याभर सांडलं
तर मायने भर गल्लीत पाठीत धपाटा घातलेला
(तो दुसरा धपाटा, डब्यातला नव्हे).
पाणी भरायचं असतं, झाकायचं असतं,
भांड्याचं झाडाला, आंघोळीचं फरशीला.
नुसतंच पाण्यात बसायचं,
काहीही न धुता?

तरी गेले. चपला काढल्या, घड्याळ भाभीकडे दिलं.
सतरा पावलं. मग अठरावं.
मैनेने मानेखाली हात धरला, एवढासा, खरबरीत.
"गादी समजा. आन् पाय इसरून जा."

पाय विसरायला वेळ लागला.
कान आधी बुडाले.
दुर्वाचं ओरडणं गेलं, भाभीची हाक गेली,
राहिला एकच आवाज, पलीकडच्या काठावरचा:
कुणाच्या तरी उसाला पाणी ओढणारी मोटर,
धक्, धक्, धक्,
पाण्यातून थेट माझ्या मणक्यात.
वर आभाळ, त्यात एक पाणकावळा.
मैनेने हात कधी काढून घेतला
मला कळलं नाही.

निघताना मी सटवाजीला विचारलं,
पुढच्या उन्हाळ्यात येऊ, बेट असेल ना?
त्याने वल्ह्याला चिकटलेलं शेवाळ नखाने खरवडलं.
"ते पाण्यावर हाय," म्हणाला.
कमी झालं तर काठाला जोडतं, जास्त झालं तर बुडतं.
मधलंच काहीतरी पडावं लागतं.

टेम्पोत लेकरं एकमेकांवर कलंडून झोपली,
मुठीत शिंपले, केसांत वाळू.
बोरीच्या फाट्याला गाडी थांबली, चहाला.
ड्रायव्हरने मागे वाकून सीटवर हात फिरवला,
ओल लागली तशी चिडून म्हणाला,
"हे एवढं पाणी कोणी सांडलं?"

मी शाळेत करायचे तसा
हात वर केला.